'मेडल' म्हणजे पदक की नाणे?

प्रश्न असा आला: युरोपातल्या राजांनी जन्म, राज्याभिषेक, विजय अशा प्रसंगी काढलेल्या 'मेडल'ला मराठीत पदक म्हणायचे की नाणे? आणि त्यावरच्या 'प्रोपगंडा'ला अपप्रचार म्हटले तर चालेल का?

नाणे नक्कीच नाही. नाण्याला दर्शनी मूल्य असते, ते व्यवहारात चालते. 'पदक' चालेल, पण जपून. मुळात पदक म्हणजे गळ्यातल्या माळेच्या मध्यभागी लोंबणारा दागिना. बक्षिसाचा अर्थ नंतरचा. त्यामुळे 'राजाचे पदक' वाचले की ते कोणाला तरी बहाल केले असावे, असे वाटते. 'स्मृतिपदक' लिहिले की हा घोळ मिटतो. क्रियापद मात्र 'प्रदान केले' नको. ठशाने केलेले असेल तर 'पाडले', साच्यात धातूचा रस घालून केलेले असेल तर 'ओतले'.

आणखी एक चूक सालाची. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या 41 मिलिमीटर व्यासाच्या पदकांच्या मालिकेत त्याच्या 1638मधल्या जन्माचे पदक आहे. पण ही मालिका 1702च्या सुमारास सिद्ध झाली. म्हणून '1638चे पदक' नव्हे, '1638च्या जन्माचे पदक'.

आता अपप्रचार. 'अप' लावला की मजकूर खोटा किंवा बदनामीचा, असा निकाल आपणच देऊन बसतो. कधीकधी तो योग्यच असतो. 1688मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सला मुलगा झाला, तेव्हा 'हे मूल राणीचे नाहीच, बाहेरून आणलेले' अशी आवई उठली आणि हॉलंडमध्ये तिच्यावर पदकेही निघाली. तो अपप्रचारच. पण हाच मुलगा गादीवर हक्क सांगत 1708मध्ये स्कॉटलंडवर चालून निघाला, तेव्हाच्या पदकाला नुसता 'प्रचार' पुरे. त्या पदकाच्या छाप्यावर या मुलाचा चेहरा आणि 'कुइउस एस्त', काट्यावर ब्रिटिश बेटांचा नकाशा आणि 'रेद्दिते'. दोन्ही बोल लॅटिन बायबलातल्या कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, नाण्याच्या प्रसंगातले: नाण्यावर प्रतिमा कोणाची, असे येशू विचारतो आणि 'कैसराची' असे उत्तर आल्यावर 'मग कैसराचे कैसराला परत करा' म्हणतो. 'कुइउस एस्त', म्हणजे 'ही कोणाची?', हा प्रश्न तिथे नाण्यावरच्या प्रतिमेबद्दल आहे. ज्याच्याबद्दल 'हा कोणाचा?' असे विचारले गेले, त्याच्याच चेहऱ्याभोवती तो यावा, हे गमतीचे!

'रेद्दिते'चे भाषांतर 'द्या' असे केलेले दिसते. ते अपुरे आहे. 'रे' म्हणजे माघारी. राज्य मागितलेले नाही, आपलेच परत मागितले आहे. म्हणून 'ज्याचे त्याला परत करा'.