रोज प्लॉट टाकतो तरी फोन येत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहतो, आधी मोबाईलच्या दुकानात होतो, ते सोडून जागा-फ्लॅटच्या व्यवहारात आलो त्याला दोन वर्षं झाली. व्हॉट्सॲपवर ढीगभर ग्रुप आहेत, फेसबुकवरचे खरेदी-विक्रीचे ग्रुप पण जॉइन केलेत, रोज सकाळी उठून सगळीकडे प्लॉटची जाहिरात टाकतो, फोटो, रेट, नंबर सगळं, तरी आठवड्यातून एखादा फोन आला तर आला आणि तो पण दुसऱ्या एजंटचाच निघतो. मागच्या महिन्यात तर आमच्याच सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं, ते फार लागलं. घरचे म्हणतात पुण्याला जा, नोकरी बघ. बाकी सगळे चिकाटी ठेव म्हणतात, पण चिकाटी ठेवायची म्हणजे रोज नक्की काय करायचं, अजून ग्रुप जॉइन करायचे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भाऊ, जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसांनी ग्रुपमधून काढलं तर लागणारच. पण अजून ग्रुप नकोत, आहेत त्यातलेच निम्मे सोडा म्हणते मी.

तुम्ही रोज टाकता ही मेहनतच आहे, पण समोरच्याला ती दिसत नाही, त्याला रोज तोच फोटो दिसतो आणि तो न बघता वर सरकवतो. आपल्याकडं घर घेणारा माणूस वर्ष-वर्ष विचार करतो, वडलांना विचारतो, मेव्हण्याला साईटवर नेतो, बँकेत चकरा मारतो, परत गप्प बसतो, आणि मग एक दिवस घ्यायचं ठरलं की कुणाला फोन करायचा तर ज्यानं मधल्या काळात काहीतरी नीट सांगितलं होतं त्याला. त्या मधल्या काळात तुम्ही तिथं पाहिजेत. तुम्ही विचारलेली चिकाटी मला तरी इथंच दिसते.

आता सांगायचं काय, तर लोक जे विचारतात तेच की. सोलापुरात जागा बघणारा पहिला प्रश्न काय विचारतो? पाणी किती दिवसाआड येतं. मग ड्रेनेज आलंय का, रस्ता डांबरी आहे का पावसाळ्यात चिखल होतो, एनए म्हणजे बिनशेती झालंय का, उतारा कुणाच्या नावावर आहे. हद्दवाढ भागात तर एका गल्लीत एक आणि पलीकडच्या गल्लीत दुसरंच. ही माहिती जाहिरातीत कुणीच लिहीत नाही आणि तुम्हाला ती फुकटात मिळते कारण तुम्ही रोज तिथं फिरता, दारात उभ्या असलेल्या काकूंना विचारलं तरी पाण्याचा वार आणि वेळ दोन्ही कळतं. ते लिहा. भागाचं नाव, पाण्याची परिस्थिती, रस्त्याचा आजचा फोटो, खाली विकायचं काहीच नको. कुणी ग्रुपवर विचारलं सातबारा कसा बघायचा तर सांगा की महाभूलेख या सरकारी साईटवर नुसता बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा पाहिजे तर १५ रुपये, शहरातल्या मिळकतीला बऱ्याचदा सातबारा नसून प्रॉपर्टी कार्ड असतं, आणि जुने दस्त आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, ई-सर्चवर शोधता येतात. फ्लॅट किंवा घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, ही एप्रिल २०२१ पासूनची गोष्ट अजून कितीतरी घरांत माहीत नाही. कुणी भाड्याची खोली विचारली आणि त्यात तुम्हाला रुपया मिळणार नसला तरी उत्तर द्या. आजचा भाडेकरू पाच वर्षांनी प्लॉट बघतो आणि त्याला तुमचं नाव तोंडपाठ असतं.

पुण्यात हिंजवडी-खराडीला नोकरी करणारी आपली पोरं आहेत ना, त्यांच्याकडं जास्त लक्ष द्या. आईवडील इथं, पगार तिथं, गावात काहीतरी आपलं असावं असं वाटतं पण प्रत्येक वेळी रजा काढून येता येत नाही. त्यांना मेन रोडपासून प्लॉटपर्यंत चालत जाऊन एकच सलग व्हिडिओ काढून पाठवा, मधे कट नको, शेजारचा उघडा नाला आला तर येऊ द्या, उलट तो दाखवाच. नंतर कळून व्यवहार मोडण्यापेक्षा आधी कळलेलं बरं आणि विश्वास बसतो तो वेगळाच.

फॉलोअपसाठी साधी वही करा. नाव, काय पाहिजे, बजेट, आणि परत कधी बोलायचं. पार्टी म्हणाली मुलीचं लग्न झाल्यावर बघू, तर तेच शब्द लिहून ठेवा आणि लग्न झाल्यावरच फोन करा. साईट दाखवली त्या संध्याकाळी एक मेसेज, त्यानंतर काही नवीन असेल तरच, म्हणजे रेट कमी झाला, रस्त्याचं काम सुरू झालं, शेजारचा प्लॉट विकला गेला. नुसतं 'काय ठरलं सर' म्हणून रोज विचारलं तर माणूस फोन उचलायचा बंद होतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीचं, पण लक्षात घ्या, एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, तेव्हा भेटलेल्या माणसाला आधी नंबर सेव्ह करायला सांगा. अनोळखी लोकांना तोच मेसेज पाठवत सुटलात तर नंबर बंद होऊ शकतो आणि मग दोन वर्षांची ओळख त्या नंबराबरोबर जाते.

दुसऱ्या एजंटचे फोन येतात म्हणून नाराज होऊ नका, मला तर ती चांगली गोष्ट वाटते. होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड अशा वेगवेगळ्या भागांतले, शब्दाला पक्के पाच-सात जण धरा आणि तेवढाच ग्रुप करा. पूर्व भागात तेलुगू येणारा एक माणूस पाहिजेच, तिथली घरं तेलुगूत बोलली की मोकळेपणानं बोलतात. दलाली कशी वाटायची ते साईट दाखवायच्या आधी मेसेजमध्ये लिहून घ्या, भांडणं सगळी तोंडी बोलण्यावरनं होतात.

रेरा म्हणजे फ्लॅट-प्लॉटच्या प्रोजेक्टसाठीचा कायदा आणि महारेरा ही त्याची राज्यातली यंत्रणा, त्याचं मात्र पहिलं बघा. नोंदणीकृत प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल तर एजंटला स्वतःची महारेरा नोंदणी लागते, आणि १ जानेवारी २०२४ पासून परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र पण लागतं. प्रोजेक्टच्या जाहिरातीत रेरा नंबर आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड पण पाहिजे. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणून ती जाहिरात नाही असं होत नाही. नोंदणी झाली की नंबर प्रोफाईलला लावा, ग्राहकाला तो महारेराच्या साईटवर तपासता येतो.

सोसायटीच्या ॲडमिनला प्रत्यक्ष भेटा, रविवारी एक पोस्ट चालेल का विचारा. नाही म्हणाले तर राहू द्या, पाण्याच्या टँकरच्या वेळी मदतीला जा. आणि पुण्याचं म्हणाल तर घरच्यांशी बसून बोला, महिन्याचा खर्च किती आणि किती महिने काढता येतील हे कागदावर मांडा, कारण या धंद्यात कमाई कधी येईल ते सांगता येत नाही आणि घरच्यांची काळजी चुकीची नाही.

प्रश्न : ताई, मी पण एजंट आहे. जाहिरातीत नंबर द्यावाच लागतो, मग रात्री अकराला 'हाय', 'फोटो पाठवा' असले मेसेज येतात. उत्तर नाही दिलं तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : बाई गं, असलं गिऱ्हाईक गेलेलंच बरं. कामाचं सिम वेगळं घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात लावा, बाकी वेळेला आपोआप जाणारा मेसेज ठेवा की बजेट आणि भाग लिहा, उद्या फोन करते. खरा घेणारा ते लिहितो. घाण मेसेज आला तर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, परत त्रास दिला तर पोलिसात द्या, अजिबात संकोच करू नका. नवीन माणसाला पहिल्यांदा साईटवर भेटू नका, ऑफिसात बोलवा, आणि साईटला जाताना कुणालातरी सोबत घ्या, नाहीतर निदान घरी लाईव्ह लोकेशन चालू ठेवून जा.