स्वेदज कुणाला म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: निर्जीव रसायनांतून पहिला जीव घडला, या सिद्धान्ताला इंग्रजीत 'अबायोजेनेसिस' म्हणतात, त्यासाठी आपला जुना 'स्वेदज' शब्द चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. एक तर 'ज' म्हणजे जन्मलेला: पंकज, अनुज, अंडज. स्वेदज हे घामातून, ओलीतून जन्मलेल्या जीवाचं नाव आहे, जन्माच्या प्रक्रियेचं नाही. ऐतरेय उपनिषदात जिवांचे अंडज, जारुज (गर्भातून जन्मलेले), स्वेदज, उद्भिज्ज (जमीन फोडून उगवणारे) असे चार वर्ग येतात. छांदोग्य उपनिषदात मात्र तीनच आहेत आणि त्यांत स्वेदज नाही. मनुस्मृतीत तर यादीच दिली आहे: डास, उवा, माश्या, ढेकूण.

खरी अडचण अर्थाची आहे. ऊब आणि ओल मिळाली की आजही आपोआप उपजतो तो स्वेदज. ही समजूत आपल्या बोलण्यात अजून मुरलेली आहे. 'तांदळात सोंडे झाले', 'जखमेत किडे पडले' असंच आपण म्हणतो. पण त्या तांदळातला एक दाणा चिमटीत धरून पाहा, बारीक गोल भोक दिसेल. मादीने सोंडेने दाणा कोरून आत अंडं घातलं, वरून भोक लिंपून टाकलं. अळी आतच पोसली आणि सोंडा होऊन दाणा पोखरत बाहेर पडली. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडीने मांसाच्या बरण्यांवर जाळीदार कापड बांधून माश्यांबाबत हेच दाखवलं. पुढे १८६०च्या सुमारास पाश्चरने सूक्ष्मजीवही आपोआप होत नाहीत हे सिद्ध केलं.

जीवोत्पत्तीचा सिद्धान्त रोजच्या उपजण्याबद्दल बोलतच नाही. डार्विनने १८७१मध्ये आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात पहिला जीव एखाद्या कोमट डबक्यात घडला असावा अशी कल्पना मांडली आणि तिथेच म्हटलं, की आज तसं जीव घडवणारं द्रव्य तयार झालं तर असलेले जीव ते लगेच गिळून टाकतील. म्हणजे गोष्ट खाणारं कुणीच नव्हतं तेव्हाची. १९५३मध्ये स्टॅन्ली मिलरने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्यावर अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मिळाली, जीव नव्हे. तिथे 'स्वेदज' लिहिलंत तर काचपात्रात किडे झाले असंच वाचकाला वाटेल.

म्हणून साधं 'जीवोत्पत्ती' लिहा. नेमकेपणा हवा तिथे 'जडातून जीवोत्पत्ती'. रेडी आणि पाश्चर यांनी खोडून काढलेल्या मताला मात्र 'स्वेदजवाद' म्हणा. तिथे हा शब्द अगदी चपखल बसतो.