‘ताई, तुम्ही अजून शिकताय ना?’

कुटुंब समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांच्या मनात एक शंका असते, आणि ती पहिल्याच भेटीत बोलून दाखवली गेली तर मला बरे वाटते. समोर बसलेली मुलगी प्रशिक्षणार्थी आहे, वयाने लहान आहे, तिचे लग्नही झालेले नाही, मग तिला आमच्या घरातले काय कळणार? बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका गावातून आलेल्या आजीने ती सरळ विचारली. “ताई, तुम्ही अजून शिकताय ना? मंग आमचं कसं सोडवणार?” (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

मी “हो, शिकते आहे” असे सांगितले. माझे काम एका अनुभवी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली चालते, प्रत्येक भेटीनंतर मी नावे गाळून त्यांच्याशी चर्चा करते आणि ते मान्य नसल्यास दुसऱ्या समुपदेशकाकडे जाण्याची मोकळीक आहे, हेही सांगितले. आमच्या कामात येणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लेकरावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला गप्प राहता येत नाही. हे अपवाद आधीच सांगितले नाहीत तर पुढे विश्वासघात झाल्यासारखे वाटते.

त्यावर आजीचा दुसरा प्रश्न आला, “कोणत्या गावच्या तुम्ही?” आपल्या भागात हा प्रश्न गावापाशी थांबत नाही, तो आडनावापर्यंत आणि पाहुण्यारावळ्यांपर्यंत जातो. उपचारकाने स्वतःविषयी फार बोलू नये असे आम्हाला शिकवले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु हा प्रश्न टाळला तर समोरचा माणूस आतून दार लावून घेतो. त्यामुळे मी तालुका सांगते, नाते निघत असेल तर ते कुटुंब सहकाऱ्याकडे सोपवते आणि बोलणे पुन्हा त्यांच्या घराकडे आणते.

त्या दिवशी मी एक गोष्ट जास्त सांगितली. माझे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जात असत आणि दिवाळीच्या सुमारास गाडी निघाली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत जवळजवळ सहा महिने, मी आजीजवळ राहत असे. हे कुटुंबही तसेच होते. यंदा वडिलांना जवळच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, काम लागल्याने त्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली नव्हती, आणि आठवीतला मुलगा, आई, वडील व आजी पहिल्यांदाच वर्षभर एका छताखाली राहत होते. नेमकी तेव्हापासून कुरबुर सुरू झाली. मुलगा आईचे ऐकत नसे, साध्या वहीसाठीही आजीला विचारत असे आणि सकाळी पोट दुखते म्हणून शाळा बुडवत असे. डॉक्टरांनी तपासणी करून शारीरिक कारण नसल्याचे सांगितल्यावर शिक्षकांनी त्यांना आमच्याकडे पाठवले होते.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. मी मुलाला विचारले, “आई जायची तेव्हा तुला तिचा राग यायचा ना?” तो नाही म्हणाला. मी तोच प्रश्न शब्द बदलून आणखी दोनदा विचारला आणि तो खाली मान घालून गप्प बसला. नंतर मार्गदर्शकांनी मला एवढेच विचारले, “हा राग त्याचा आहे की तुझा?” त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. सारख्या परिस्थितीत वाढल्यामुळे कोपी (तोडणी मजुरांची झोपडी), उचल, पट्टा हे शब्द मला समजावून घ्यावे लागत नाहीत. पण या मुलाच्या मनात काय आहे, हे मात्र त्यालाच विचारावे लागते.

कुटुंब उपचारात एक पद्धत आहे, जी इटलीतील मिलान शहरातल्या उपचारकांच्या गटाने १९७० च्या दशकात पुढे आणली. तीत माणसाला स्वतःविषयी विचारण्याऐवजी घरातल्या इतर दोघांमध्ये काय घडते असे विचारले जाते. पुढच्या भेटीत मी मुलाला विचारले, “तू आईचं ऐकतोस तेव्हा आजी काय करते?” तो बराच वेळ आजीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “चुलीपाशी जाऊन बसते. जेवत नाही.” मग हळूहळू बाहेर आले की, आता लेकराला सांभाळायचे काम उरले नाही, तर आजीने चाकणला धाकट्या मुलाकडे जावे, असे बोलणे त्याने रात्री ऐकले होते. आईचे ऐकले की आजीची गरज संपेल आणि ती जाईल, अशी त्याने मनाशी गाठ बांधली होती. आईच्या डोळ्यांत पाणी आले. वडील प्रथमच बोलले आणि म्हणाले की तो विषय त्यांनीच काढला होता, पण आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपुरता.

दोघांमध्ये ताण वाढला की तिसऱ्याला त्यात ओढले जाते, ही अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांची त्रिकोणाची मांडणी मी वाचली होती. इथे सासू आणि सून एकमेकींशी जे बोलत नव्हत्या, ते त्या लेकराच्या पोटात दुखत होते. मी कोणाचीच बाजू घेतली नाही; मात्र आई त्याला मारते हे कळल्यावर, ते थांबले पाहिजे असे स्पष्ट सांगितले, कारण सुरक्षिततेच्या बाबतीत तटस्थ राहणे मला मान्य नाही. पुढच्या भेटींमध्ये शाळा आणि अभ्यास आईने बघावा, सकाळची न्याहरी आणि रात्रीची गोष्ट आजीकडे राहावी, असे त्यांनी आपसांत ठरवले. आजीने सर्वांसमोर नातवाला सांगितले, “तू मायचं ऐकलंस तरी मी कुठं जात नाही.”

पोटदुखी लगेच गेली नाही. आठवड्यातून चार दिवस तो शाळेत जाऊ लागला, परीक्षेच्या काळात पुन्हा मागे हटला आणि नंतर सावरला. शेवटच्या भेटीत आईने विचारले, “जिनिंगचं काम सुटलं अन् पुढच्या वर्षी परत उचल घ्यावी लागली तर?” मी आश्वासन देऊ शकत नव्हते. जावे लागले तर मुलाला ते कोण सांगेल, कधी सांगेल आणि उसाच्या फडावरून फोन किती वाजता येईल, हे आम्ही त्याच खोलीत बसून ठरवले. फोनची वेळ मुलाने सांगितली आणि वर एक अट घातली, “आधी आजीशी बोलायचं, मंग माझ्याशी.”