वाचकांचे प्रश्न : कट कुठे मारलाय?

प्रश्न : ताई, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युक्रेनच्या प्रसूतिगृहावरच्या बॉम्बहल्ल्याचा व्हिडिओ फिरतोय. त्यातली गरोदर बाई नटी आहे, असं खाली लिहिलंय. तिथल्या मारिउपोल शहरावरचा ऑस्कर मिळालेला माहितीपट मी पाहिला तेव्हा रात्रभर डोळा लागला नव्हता. भाचा म्हणतो, तोही प्रचारच, फक्त दुसऱ्या बाजूचा. त्याला काय सांगू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वाद घालत बसू नका. भाच्याला शेजारी बसवा आणि ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ पुन्हा लावा. मी ३१ वर्षं माहितीपटांचं संकलन केलं. पडद्यावर काहीही आलं, की मी आधी कट बघते. दृश्य किती वेळ चाललंय, कुठे तोडलंय, पुढे काय जोडलंय. ग्रुपवरचा तुकडा किती सेकंदांचा आहे, त्याच्या आधी आणि नंतर काय घडलं, हे भाच्याला सांगता येतं का बघा.

या माहितीपटात ते सांगता येतं. दिग्दर्शक मस्तिस्लाव चेर्नोव, छायाचित्रकार येवगेनी मालोलेत्का आणि निर्माती वासिलिसा स्तेपानेंको असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काम करत होते. २४ फेब्रुवारी २०२२ला पहाटे साडेतीनला ते मारिउपोलमध्ये पोचले आणि तासाभरात युद्ध सुरू झालं. पुढे वीज गेली, फोन बंद पडले. चित्रीकरण तर झालंय, पण शहराबाहेर पाठवायचं कसं? एका लुटलेल्या दुकानाबाहेर थोडंफार नेटवर्क मिळायचं, तेव्हा जिन्याखाली दबकून बसून ते फुटेज पाठवायचे. पुढे तेही गेलं. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. त्याचं फुटेज एका पोलिसाच्या मदतीनं, तीन फोनवर तुकडे वाटून, संचारबंदीच्या वेळेनंतरही कित्येक तास बसून पाठवावं लागलं.

ते दृश्य तुम्ही पाहिलंय. ठिपक्यांचा पायजमा घातलेली एक गरोदर बाई, चेहऱ्यावर रक्त, जिना उतरतेय. दुसरीला स्ट्रेचरवरून नेतायत, तिचा हात पोटाच्या खालच्या बाजूवर आहे. दुसऱ्याच दिवशी रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह म्हणाले, की त्या इस्पितळात बायका नव्हत्याच, युक्रेनच्या सैनिकांनी ते केव्हाच ताब्यात घेतलं होतं. लंडनच्या रशियन वकिलातीनं फोटोच खोटे ठरवले आणि गरोदर बाईला नटी म्हटलं. तुमच्या ग्रुपवरचा मजकूरही तोच आहे.

मग हे तिघं काय करतात? त्या बायकांना शोधायला दुसऱ्या इस्पितळात जातात. पायजमेवालीला मुलगी झाली. स्ट्रेचरवरची बाई आणि तिचं बाळ, दोघंही गेली. एकीचं बाळ कॅमेऱ्यासमोर आहे आणि दुसरीबद्दल डॉक्टर सांगतायत. नटी म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

शेवटी त्यांना बाहेर काढायला युक्रेनचे सैनिक आले. ते का आले, हे भाच्याला जरूर सांगा. एका पोलिसानं त्यांना सांगितलं, तुम्ही रशियनांना सापडलात तर ते तुम्हालाच कॅमेऱ्यासमोर उभं करतील आणि चित्रित केलेलं सगळं खोटं होतं, असं तुमच्याच तोंडून वदवतील. १५ मार्चला ते तिघं १५ रशियन नाकी ओलांडून बाहेर पडले. त्यांच्याकडे सुमारे ३० तासांचं चित्रीकरण होतं. माहितीपट दीड तासाच्या थोडा वर आहे.

म्हणजे कट यातही आहेत, ते मी नाकारत नाही. मी स्वतः एकदा वाईट कट मारला होता. गिरणीत काम केलेल्या एका म्हाताऱ्या बाईची मुलाखत होती. संपानंतर घर कसं चाललं, या प्रश्नावर ती ११ सेकंद गप्प बसली आणि मग म्हणाली, “चाललं.” मला लांबी कमी करायची होती, मी ती ११ सेकंदं काढली. चाळीत आम्ही माहितीपट दाखवला तेव्हा ती म्हणाली, “मी असं भरकन बोलले नव्हते, बाई.” एक शब्द बदलला नव्हता, तरी मी तिला खोटं पाडलं होतं. म्हणून चेर्नोव यांनी डॉक्टरांचे श्वास, कॉरिडॉरमधली धावपळ, मध्येच हलणारा कॅमेरा तसाच ठेवलाय, याची मला किंमत कळते. बातम्यांत त्याच फुटेजचे किती लहान तुकडे दाखवले गेले, तेही माहितीपटात दिसतं.

आणखी एक गोष्ट, कानांनी ऐकायची. रशियन बोलणाऱ्यांना वाचवायला सैन्य पाठवलं, असं मॉस्को सांगत होतं. या माहितीपटात तळघरांत रडणारी, आकाशाकडे बघून शिव्या देणारी बरीचशी माणसं रशियनमध्येच बोलतात. या शहराचं नाव १९४८ ते १९८९ ‘झ्दानोव’ होतं, स्टालिनच्या एका सहकाऱ्यावरून. त्याच्याही आधी, १८७६मध्ये, झारनं युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापण्यावर बंदी घातली होती. ही जुनी सवय आहे : तुम्ही कोण, ते आम्ही ठरवणार. मार्च २०२२च्या कायद्यानं तर रशियात सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. युद्धाला युद्ध म्हणायचीही लोकांना भीती.

आपल्यालाही ही सवय ओळखीची आहे. १९४३मध्ये इंग्रज सरकारनं युद्धकाळातल्या नियमाखाली थिएटरवाल्यांना सरकारी वृत्तपट दाखवणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं भुकेनं मरत होती. चित्रकार चित्तप्रसादांनी बंगालच्या मेदिनीपूरमध्ये फिरून भुकेल्यांची चित्रं काढली, पुस्तिका छापली, तर सरकारनं तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. कुणाची चित्रं सक्तीनं दाखवली आणि कुणाची जाळली, हे भाच्याला विचारा. स्वातंत्र्यानंतर वृत्तपट आपले झाले, सक्ती मात्र राहिली. लहानपणी सोलापूरला सिनेमाआधी लागणारा तो वृत्तपट आम्ही सगळे शेंगदाणे खात बघायचो. त्यात जे नाही, ते देशात घडलंच नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

प्रश्न : माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५च्या गोवा सत्याग्रहात होते. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचंय. कुठून सुरुवात करू?
– एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : आजच कर. पोर्तुगालनं १९५१मध्ये घटना बदलून गोव्याला ‘वसाहत’ म्हणायचं बंद केलं आणि ‘सागरपारचा प्रांत’ म्हटलं. कागदावर वसाहतच उरली नाही, मग सत्याग्रही कुणाविरुद्ध आले होते? याचं उत्तर आजोबांकडे आहे. आजोबा कुठून चालत निघाले, कोण सोबत होतं, पायात काय होतं, गोळीबार कुठल्या बाजूनं झाला, हे विचार. मालवणीतच विचार, शुद्ध मराठीत नको. फोन स्टँडवर ठेव, पंखा बंद कर. सुरुवातीला तारीख, गाव आणि खोलीत कोण कोण आहे ते मोठ्यानं बोल. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव आणि तिला हात लावू नकोस, छाटाछाट दुसऱ्या प्रतीवर. आजोबा मध्येच गप्प झाले तर रेकॉर्डिंग थांबवू नकोस, पुढचा प्रश्नही विचारू नकोस. ते बोलतील.