सुधारणा नक्की कुणाची?

दांडिया बाजार, वडोदरा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

निबंध वाचला. गरिबांच्या पोरांना सरकारी खर्चाने बुद्धी आणि ताकद वाढवणारे जनुकीय बदल द्यावेत, म्हणजे समता येईल, असं तुझं म्हणणं. तुझी कळकळ पोचली, पण रोगाचं निदान चुकलंय.

कमाटीबागेवरून तू रोज जातेस. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये इथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते त्या बागेत जाऊन बसले. आता सांग, त्यांचं कुठलं जनुक सुधारायला हवं होतं? खोट दार लावून घेणाऱ्यांत होती. तुझ्या योजनेत त्यांना काहीच बदलावं लागत नाही, बदलायचं ते फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्याने.

शिवाय निवड करणार कोण? आईबापच. सोनोग्राफी आली ती गर्भाची तब्येत पाहायला. आपल्या लोकांनी तिचा वापर मुलींचे गर्भ ओळखून पाडायला केला, शेवटी १९९४ साली कायदा करावा लागला. लग्नाच्या जाहिराती वाच कधी. 'गोरी, उंच' हीच मागणी पहिल्या दिवशी येईल. (उंचीमागे हजारो जनुकीय फरक असतात, ते राहू दे.) आणि भ्रूणात केलेला बदल पुढच्या पिढ्यांत जातो, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. चीनमधले शास्त्रज्ञ हे च्यानक्वी (He Jiankui) यांनी जुळ्या मुलींवर त्या भ्रूण असताना असा प्रयोग केला, तो २०१८ साली उघड झाला. त्यांना तुरुंगवास झाला.

उपचाराचं मात्र वेगळं. छोटाउदेपूर, दाहोदकडच्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यावरच्या कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बदलतात, संततीत काही जात नाही. पण अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! दाहोदकडच्या एखाद्या पोराला तो उपचार कसा मिळेल, यावर चार पानं लिही. तुझा समतेचा प्रश्न खरा तिथे आहे, आणि निबंधात त्याला एक ओळ दिली आहेस.

'उपचार' आणि 'वर्धन' (निरोगी माणसाची क्षमता वाढवणं) ही प्रकरणं वेगळी कर. एखाद्या सिकलसेल रुग्णाच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय पहिलं लिहू नकोस. मसुदा गणपतीआधी आणून दे; नंतर मी पुण्याला लेकीकडे असेन.

तुझा,
सर