नुसत्या चिमणीवर समाधान मानू नका

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. गिरणी पाडताना चिमणी तेवढी राखण्याची तयारी मालकांनी दाखवली असून तुमच्या समितीतल्या काहींना ते पुरेसे वाटते, असे तू लिहितोस. मला ते मुळीच पुरेसे वाटत नाही.

लोअर परळला मॉलच्या आवारात उभी असलेली चिमणी तू पाहिली असशील. इथे गिरणी होती, एवढेच ती सांगते. गिरणी चालायची कशी, हे साचेखात्यात, म्हणजे साचे (कापड विणण्याचे माग) चालायचे त्या खात्यात, उभे राहिल्याशिवाय कळत नाही. करवतीच्या दातांसारख्या त्या छपराच्या काचा उत्तरेकडे असतात, कारण ऊन थेट साच्यांवर न पडता दिवसभर एकसारखा उजेड मिळावा आणि तुटलेला धागा कामगाराला चटकन दिसावा. ओतीव लोखंडाचे खांबही साच्यांच्या रांगा आणि मधल्या वाटा ध्यानात घेऊन उभारलेले असतात. म्हणून तुमच्या निवेदनात छप्पर, खांब आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांचा स्पष्ट उल्लेख हवा.

कायद्याच्या बाजूने गाफील राहू नकोस. 1991 च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवले होते. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. जुन्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटल्यावर त्या पाडण्याचा मोह वाढणारच. मुंबईत 1995 पासून वारसा यादीचे संरक्षण आहे खरे, पण त्या यादीतल्या तिसऱ्या श्रेणीच्या इमारतीत आतले बदल सर्वसाधारणपणे चालतात. यादीत नाव आले म्हणून साचेखाते वाचले, असे समजू नका. आधी श्रेणी पाहा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात ज्यांची उमेद खर्ची पडली आणि ज्यांना अजून घर मिळालेले नाही, त्यांच्यापुढे आपण इमारतीच्या सौंदर्यावर बोलू लागलो की त्यांना ते टोचते, आणि टोचणे रास्तच आहे. घरांची मागणी त्याच निवेदनात घाला. मग त्यांच्यापैकी जे येतील त्यांना परवानगी काढून आत न्या आणि सूत कातायचे त्रासनखाते कुठे होते, कामगारांवर देखरेख करणारा जॉबर कुठे उभा राहायचा, हे त्यांच्याकडूनच नकाशावर नोंदवून घ्या. असा नकाशा दुसऱ्या कोणालाही काढता येणार नाही.

पुढे इमारतीचे काय करायचे, याचे उत्तरही तयार ठेवा. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले. पण प्रत्येक गिरणीचे संग्रहालय होऊ शकत नाही. वस्तीला रोज उपयोगी पडेल असे काही सुचवा, जसे अभ्यासिका किंवा प्रशिक्षण केंद्र.

आणि सह्यांच्या मोहिमेआधी एक काम कर. छपराच्या दोन दातांमधल्या पन्हळी पानांनी आणि गाळाने तुंबतात, पाणी लाकडात मुरते, तुळई कुजते, आणि मग मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 354 खाली इमारत धोकादायक ठरवणे सोपे जाते. त्या पन्हळी पावसाळ्यापूर्वी साफ कराव्यात, अशी मागणी मालकांकडे लेखी कर आणि पत्राची पोच घेऊन फाइलला लाव.

तुझा,
एक जुना सहकारी