घरातल्या सुतारकामाच्या खोलीत छताला किती आणि कोणते एलईडी दिवे लावावेत?

तुम्ही लिहिलंय की खोली १० बाय १५ फुटांची आहे, एका लांब भिंतीला कामाचं टेबल, मधोमध टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि कोपऱ्यात लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ. दुकानदार म्हणतो, १०० वॅटचा एकच फ्लड लाइट मधोमध ठोका, लख्ख उजेड पडेल. उजेड पडेलच, त्यात तो खोटं बोलत नाही. पण काम करता येणार नाही.

हे मी करून बसलोय. चिंचवडला टूलरूममध्ये आयुष्य काढलं, निवृत्त झाल्यावर घराच्या पार्किंगमध्ये सुतारकाम सुरू केलं आणि नेमका असाच एक फ्लड लाइट लावला. खोली अशी उजळली की शेजारी बघायला आले. तरीही पेन्सिलीची रेघ एकीकडे आणि करवतीचा काप दुसरीकडे. मला वाटलं डोळे गेले. चष्म्याचा नंबर वाढवून आणला, तरी तेच. शेवटी एका संध्याकाळी लक्षात आलं की टेबलाशी उभं राहिलं की दिवा माझ्या पाठीमागे येतो आणि माझ्याच डोक्याची काळीभोर सावली रेघेवर पडते. दिवा एकच असला की सावलीही एकच आणि गडद. तेवढाच उजेड सहा ठिकाणांहून आला तर सावल्या सहा पडतात, पण इतक्या फिक्या की हाताखालची रेघ दिसत राहते.

म्हणून चार फुटी बॅटन घ्या, म्हणजे ट्यूबसारखे लांब पट्टीचे एलईडी दिवे. २० वॅटचा बरा बॅटन साधारण २,००० लुमेन देतो (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप). हिशोब सोपा आहे. तुमची खोली सुमारे १४ चौरस मीटर. लाकडाच्या मशीनवर काम करायला ५०० लक्स उजेड असावा असं युरोपातलं मानक सांगतं, आणि एक लक्स म्हणजे चौरस मीटरला एक लुमेन. म्हणजे टेबलाच्या उंचीवर ७,००० लुमेन पोचायला हवेत. भिंती, छत, दिव्यावरची धूळ आणि काळाबरोबर मंदावणारा दिवा मिळून निम्मा उजेड खातात, म्हणून छताला १४,००० लुमेन धरा. ते सात बॅटन झाले. मी सहा छताला लावीन आणि सातव्याचे पैसे टेबलावरच्या हलत्या दिव्यात घालीन. छताचे सहा मिळून १२० वॅट होतात, रोज चार तास लावले तरी अर्धा युनिटसुद्धा जळत नाही. साठी उलटली असेल तर हात आणखी सैल सोडा, वयानुसार डोळ्यात शिरणारा उजेड बराच कमी होतो. आणि दिव्यांच्या आधी भिंती-छताला पांढरा रंग मारून घ्या. त्याइतका स्वस्त दिवा बाजारात मिळत नाही.

मांडणी अशी: लांबीला समांतर दोन रांगा, प्रत्येक रांगेत तीन बॅटन. पुस्तकी नियमाने दोन्ही रांगा भिंतीपासून अडीच फुटांवर येतात. टेबलाकडची रांग मात्र नियम मोडून पुढे सरकवा. टेबल दोन फूट रुंद असेल तर अडीच फुटांवरचा दिवा तुमच्या टाळूवर येतो, आणि पुन्हा डोक्याची सावली. तो टेबलाच्या वर, भिंतीपासून दीड फुटावर हवा, म्हणजे उजेड समोरून हातावर उतरतो. समोरची रांग अडीच फुटांवरच राहू द्या. मधल्या सॉच्या पात्याला दोन्हीकडून उजेड मिळतो.

पंखा असेल तर एक काळजी घ्या. पात्यांच्या वर दिवा आला की फिरती पाती उजेड कापतात आणि खोलीभर फडफड सुरू होते. दहा मिनिटांत डोकं धरतं. दिवे पंख्याच्या घेराबाहेर किंवा त्याच्या खाली.

आता मुख्य गोष्ट, कारण तुमच्याकडे लेथ आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरत्या वस्तूला ते बरोबर पकडतं. लेथवर लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक १,५०० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी, फिरत असेल तर सेकंदाला २५ फेरे होतात, म्हणजे उजेडाच्या दोन ठोक्यांमध्ये बरोबर पाव फेरा. प्रत्येक ठोक्याला एका जबड्याच्या जागी दुसरा येऊन उभा, आणि चक थांबलेला दिसतो! घरगुती मशीनच्या बऱ्याच मोटारी १,४४० च्या आसपास फिरतात, त्यावर थेट जोडलेला चक सावकाश उलटा फिरतोय असं वाटतं. हात घालायला तेवढं पुरतं. आम्ही शिकाऊ होतो तेव्हा शॉपमध्ये चोकच्या ट्यूबलाइट होत्या आणि शेजारशेजारच्या ट्यूब मुद्दाम विजेच्या तीन फेजपैकी (ज्यांचे ठोके मागेपुढे पडतात अशा तीन तारांपैकी) वेगवेगळ्या फेजवर जोडलेल्या असायच्या, म्हणजे एक मंदावली की दुसरी भरात. शिवाय प्रत्येक लेथवर २४ व्होल्टचा छोटा फिलामेंटचा बल्ब. तार तापलेली राहते, ठोक्याठोक्याला विझत नाही. तो पिवळट बल्ब जुनाट दिसायचा, पण त्याने बोटं वाचवली.

घरात तीन फेज कुठून आणणार? म्हणून बॅटनच चांगला घ्यायचा. एलईडीमध्ये हा दोष ड्रायव्हरवर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटवर, अवलंबून असतो. चांगला ड्रायव्हर वीज सपाट करून देतो, स्वस्तातला तसाच ठोका पुढे ढकलतो. दुकानातच तपासा. दिवा लावायला सांगा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये त्याचं चित्रण करा. उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर परत द्या. फोन नसला तर दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा: सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या दहा पेन्सिली दिसल्या तर नको. दुकानदार हसेल, हसू द्या. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा.

रंगाबद्दल माझं मत बाजाराच्या उलटं आहे. आपल्याकडे पांढरा म्हणजे ६५०० केल्विनचा निळसर दिवा असंच समीकरण झालंय (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्याच्याखाली सागवान फिकं दिसतं, तुम्ही पॉलिशचा आणखी एक हात मारता, आणि ती वस्तू दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली गेली की लालभडक. ४००० केल्विन घ्या, दुकानात नसेल तर मागवून घ्या. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा; तो १०० पैकी निदान ८० आणि पॉलिश करत असाल तर ९०. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळट फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा दिसतो. त्यात लाल कमी पडतो, आणि सागवान-शिसवाचं सगळं सौंदर्य त्या लालसर तपकिरीतच असतं. अर्ध्या खोलीत एक रंग आणि अर्ध्यात दुसरा, हे तर अजिबात नको.

छताचा उजेड कितीही चांगला असला तरी पॉलिश पेपरचे ओरखडे तो लपवतो. त्यासाठीच तो हलता दिवा: फळीच्या कडेला जवळजवळ आडवा धरा, आडव्या उजेडात रंध्याची प्रत्येक लाट उठून दिसते.

वायरिंग वायरमनला करू द्या, पण दोन गोष्टी त्याला स्वतः सांगा. दिव्यांचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वेगळा आणि मशीनचा वेगळा हवा. सॉ अडकून एमसीबी पडला आणि त्याच क्षणी अंधार झाला, तर पातं अजून गरगरत असतं आणि तुम्ही आंधळे. याच कारणाने एक बॅटन घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, वीज जाण्यापूर्वी कुणी विचारत नाही. आणि टेबलाकडची रांग, समोरची रांग, हलता दिवा यांना तीन स्वतंत्र बटणं.

खोलीवर पत्रा असेल तर बॅटन पत्र्याला चिकटवू नका, खाली पट्टी टाकून लावा. मे महिन्यातल्या पत्र्याच्या उष्णतेत एलईडीआधी त्याचा ड्रायव्हर मरतो. काचेची ट्यूबही नको. आठ फुटी प्लाय उभा करून फिरवताना वरचा कोपरा कधी ना कधी दिव्याला लागतोच. भुसा आणि पावसाळ्यातले किडे आत जाऊन बसतात, म्हणून पूर्ण बंद बॅटन मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या.

भोकं पाडण्याआधी एक रात्र खर्च करा. बॅटन सुतळीने ठरलेल्या जागी टांगा, एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, मशीन सगळी बंद ठेवा. टेबलावर पेन्सिल उभी करा, मग नेहमी उभे राहता तिथे उभे राहून फळीवर रेघ मारा. सावली रेघेवर येत असेल तर सुतळी चार बोटं सरकवून पुन्हा बघा. वायरमन दिवसा येऊन मोजमाप घेतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि अंधार पडेपर्यंत बसवून ठेवा.